‘शांतता राखा’ आणि ‘सलाम’ : कुराणातील काही रूपके

ग्रंथालयाच्या दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. वर्गात गलका झाला की प्राध्यापक टेबलावर डस्टर आपटून तेच दोन शब्द उच्चारतात. एखाद्या शहरात दंगल होते, जमावबंदी लागते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘शहरात तणावपूर्ण शांतता’ असा मथळा येतो. या तिन्ही ठिकाणी शांतता म्हणजे काहीतरी थांबणे, निदान आवाज थांबणे. हा अर्थ आपण लादलेला नाही, तो शब्दाच्या मुळातच आहे. संस्कृतातील ‘शम्’ धातूचा अर्थ शमणे, निवणे, विझणे असा होतो. वादळ शमते, वेदना शमते, अग्नी शांत होतो. आधी काही पेटलेले असावे लागते; ते विझले म्हणजे मागे उरते ती शांतता. म्हणूनच ‘तणावपूर्ण शांतता’ हा शब्दप्रयोग वस्तुतः विचित्र असूनही आपल्या कानाला खटकत नाही.

अरबी भाषेतील ‘सलाम’ या शब्दाचे भाषांतर आपण बेधडक ‘शांती’ असे करून मोकळे होतो. कोशाच्या दृष्टीने ते चूक म्हणता येणार नाही. परंतु कुराणात हा शब्द आणि त्याचे सगेसोयरे कोणत्या चित्रांच्या संगतीत येतात हे पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, तेथील शांतता ही विझण्याची नाही. ती अखंडपणाची आहे, वस्तीची आहे, मोडलेले सांधण्याची आहे. ‘तणावपूर्ण सलाम’ असे काही संभवतच नाही. प्रस्तुत लेखात या चित्रांचा थोडा परिचय करून देण्याचा विचार आहे. धर्मनिर्णय करणे हा लेखाचा हेतू नाही आणि तो लेखकाचा अधिकारही नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने एखाद्या प्राचीन ग्रंथाची प्रतिमासृष्टी न्याहाळावी तशी ही पाहणी आहे. जिज्ञासूंना पडताळून पाहता यावे म्हणून अध्याय व वचन यांचे क्रमांक तेवढे दिले आहेत.

रूपकाविषयी दोन शब्द आधी सांगावयास हवेत. आपल्या साहित्यशास्त्रात उपमान आणि उपमेय यांचा अभेद कल्पिला की रूपक झाले. अरबी साहित्यशास्त्रात याला ‘इस्तिआरा’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ मोठा गमतीचा आहे : उसने घेणे. एका वस्तूचे नाव दुसऱ्या वस्तूने शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे उसने आणावयाचे. अकराव्या शतकात इराणातील गुरगान येथे राहून अब्दुल काहिर अल्-जुर्जानी याने या उसनवारीचा जो सूक्ष्म विचार केला, तो आपल्या आनंदवर्धन-मम्मटांच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. पण काही रूपके इतकी जुनी होतात की त्यांचे उसनेपण कोणाच्या लक्षातही राहत नाही. मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. मूळ अर्थ हात न कापता दर्भ खुडणारा. आज ‘कुशल कारागीर’ म्हणताना दर्भाची कोणाला आठवण होते? अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूंतून फुटतात आणि त्या धातूंच्या पोटात अशी अनेक चित्रे निजलेली असतात. कुराणाची शैली त्यांना वारंवार जागे करते.

‘सलाम’ हा शब्द स-ल-म या धातूचा. त्याचा पहिला अर्थ धड असणे, न फुटलेले, न मोडलेले असणे. हे समजावून घेण्यासाठी आपल्याला अरबस्तानात जावे लागत नाही. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण रोज वापरतो. येथे ‘सलामत’ म्हणजे शांत नव्हे; जागच्या जागी, धडधाकट. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात मूसाच्या कथेत एका गाईचे वर्णन येते (२:७१). तिच्या अंगावर कसलाही डाग नाही, व्यंग नाही, हे सांगण्यासाठी वापरलेला शब्द याच धातूचा आहे. बाजारात जनावराचे दात, खूर आणि शिंगे तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याला हा अर्थ तत्काळ कळेल. इब्राहीमच्या संदर्भात ‘सलीम’ हृदयाचा उल्लेख येतो (२६:८९, ३७:८४), तेही असेच तडा न गेलेले हृदय. दुसरा अर्थ हवाली करण्याचा. आपल्या सरकारी कचेऱ्यांतून आगाऊ दिलेल्या रकमेला ‘तसलमात’ म्हणतात. कारकून दिवसातून दहा वेळा हा शब्द लिहितो, पण तो आणि ‘इस्लाम’ हे सख्खे भाऊ आहेत याची त्याला कल्पना नसते. ‘तसलमात’ म्हणजे दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली रक्कम, ‘इस्लाम’ म्हणजे स्वतःला ईश्वराच्या स्वाधीन करणे.

धड असणे आणि स्वाधीन होणे या दोन अर्थांचा सांधा कोठे जुळतो? माझ्या मते तो एकोणचाळिसाव्या अध्यायातील एका छोट्या दृष्टान्तात जुळतो (३९:२९). दोन दास आहेत. एकाचे मालक अनेक, आणि तेही आपसांत भांडणारे. दुसरा सर्वस्वी एकाच धन्याचा. दोघांची स्थिती सारखी असेल काय, असा प्रश्न विचारून दृष्टान्त संपतो. दुसऱ्या दासाला लावलेले विशेषण ‘सलम’ हे आहे : निखळ, न वाटलेला. धर्मशास्त्री याचा अर्थ एकेश्वरवादाकडे नेतात आणि ते योग्यच आहे. परंतु रूपक म्हणून पाहिल्यास शांततेचे इतके घरगुती आणि तितकेच दाहक चित्र क्वचितच सापडेल. चार भावांच्या भांडणात पडलेल्या वाटणीच्या विहिरीवर ज्याने मोट किंवा मोटार चालविली आहे, त्याला पहिल्या दासाचे दुःख वेगळे सांगावयास नको. त्या दासाच्या आयुष्यात लढाई चालू नाही, कोणी त्याला मारतही नसेल. तरीही त्याला ‘सलाम’ नाही, कारण तो फाटलेला आहे.

यानंतरचे मोठे चित्र घराचे. कुराणात स्वर्गाला ‘दारुस्सलाम’ म्हणजे सलामचे घर म्हटले आहे (६:१२७), आणि ईश्वर त्या घराकडे बोलावतो असे सांगितले आहे (१०:२५). आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील टांझानियाच्या प्रसिद्ध बंदराचे नाव यावरून पडले. इ. स. ७६२ मध्ये खलिफा मन्सूर याने बगदाद वसविले तेव्हा त्याचे राजपत्रातील नाव ‘मदिनतुस्सलाम’, सलामचे नगर असे ठेवले होते. पुढे १२५८ साली मोगोलांनी त्याची काय दशा केली ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. घर म्हटले की दार आले, वाट आली. सलामच्या वाटांचा उल्लेख पाचव्या अध्यायात आहे (५:१६), आणि दुसऱ्या अध्यायात श्रद्धावंतांना शांततेत ‘प्रवेश करा’, तोही सगळेच्या सगळे, असे सांगितले आहे (२:२०८). आपण शांतता ‘राखतो’, ‘पाळतो’. येथे माणूस तिच्यात शिरतो. क्रियापद बदलले की कल्पना किती बदलते पाहा.

या रूपकाचे पाय जमिनीवर कसे आहेत हे चोविसाव्या अध्यायातील एका साध्या नियमावरून कळते (२४:२७-२८). दुसऱ्याच्या घरात परवानगी मागितल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय शिरू नये. आत कोणी नसेल तर जाऊ नये. ‘परत जा’ असे सांगितले तर मुकाट्याने परत जावे. म्हणजे सलाम हा शब्द उंबरठ्यावरचा आहे. ‘माझ्यापासून तुमच्या घराला धोका नाही’ एवढे त्यात सांगितलेले असते, आणि समोरचा ‘तुम्हांलाही माझ्यापासून नाही’ असे उत्तर देतो. अभिवादनाची परतफेड तितक्याच किंवा अधिक चांगल्या शब्दांत करावी, असेही एक वचन आहे (४:८६).

आपल्या मराठीत मात्र या शब्दाचे नशीब फिरले. दरबारात आणि नंतर गोऱ्या साहेबासमोर तो कमरेत वाकू लागला. ‘सलाम ठोकणे’ म्हणजे लाचारी, असा अर्थ रुळला. मंगेश पाडगावकरांनी १९७८ साली आपल्या संग्रहाला ‘सलाम’ हे नाव दिले तेव्हा त्यातील सारा उपरोध या खालावलेल्या अर्थावरच उभा होता. (या संग्रहाला १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.) त्या मानाने आमच्या कोल्हापूरच्या कुस्तीने या शब्दाची अब्रू अधिक राखली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबागेच्या मैदानात आजही सलामी झडल्याखेरीज कुस्ती सुरू होत नाही. दोन मल्ल परस्परांना चीत करावयास आलेले असतात, पण आधी हात मिळवितात. कुस्ती खेळू, वैर नाही, एवढे त्या सलामीत गृहीत असते. ‘तालीम’ हा शब्ददेखील अरबीच, आणि कोल्हापुरातील कित्येक तालमींत मोहरमचे पंजे बसतात. २०१८ आणि २०१९ या वर्षी गणेशोत्सव व मोहरम एकत्र आले तेव्हा येथे एकाच मांडवात गणपती व पंजे बसविलेले अनेकांनी पाहिले आहेत.

अभिवादनासंबंधी आणखी एक वचन आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते (४:९४). मोहिमेवर निघालेल्यांना त्यात बजावले आहे की, जो तुम्हांला सलाम करतो त्याला, ऐहिक लाभाच्या लोभाने, ‘तू श्रद्धावान नाहीस’ असे म्हणू नका. पूर्वी तुम्हीही तसेच होता. परंपरा यामागचा प्रसंग सांगते. शेळ्यामेंढ्या घेऊन जाणाऱ्या एका माणसाने मुसलमानांच्या तुकडीला सलाम केला. जीव वाचविण्यासाठी हा ढोंग करतो आहे असे ठरवून त्यांनी त्याला मारले आणि त्याची मेंढरे नेली. त्या कृत्याचा येथे निषेध आहे. तोंडून आलेल्या शब्दामागचे काळीज तपासण्याचा अधिकार तलवार हाती असलेल्याला नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. हे वचन इतरांइतकेच खुद्द इस्लामच्या नावाने बंदुका उचलणाऱ्या आजच्या टोळ्यांना अडचणीचे आहे, हे सांगितलेच पाहिजे.

घराच्या जवळचेच दुसरे चित्र स-क-न या धातूतून येते. त्याचा अर्थ स्थिरावणे, वस्ती करणे. जुन्या मोडी कागदपत्रांत ‘साकीन मौजे अमुक’ असे लिहिलेले आढळते. तेथील ‘साकीन’ म्हणजे राहणारा. हिंदी-उर्दू गाण्यांतून ओळखीचा झालेला ‘सुकून’ त्याच घरातला. कुराणात रात्र ही ‘सकन’ आहे (६:९६). दिवसभर भटकलेला जीव जेथे बूड टेकतो ती जागा. पतिपत्नींच्या नात्याचा हेतूही, एकाने दुसऱ्याच्या ठायी ‘वस्तीला यावे’, असा याच धातूच्या क्रियापदाने सांगितला आहे (३०:२१). अन्यत्र ती दोघे परस्परांचे वस्त्र होत असे म्हटले आहे (२:१८७), आणि रात्रीलाही वस्त्राचीच उपमा आहे (७८:१०). घर, रात्र, वस्त्र, जोडीदार. यांतील एकही चित्र वैराग्याचे नाही. हिमालयातील गुहेत मिळणारी शांती येथे अभिप्रेत नाही. ती वस्तीतली आहे.

याच धातूपासून ‘सकीना’ हा शब्द झाला. ही सकीना ईश्वराकडून मनुष्याच्या अंतःकरणात उतरते. तिचा सर्वांत ठळक उल्लेख अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात येतो आणि त्याची पार्श्वभूमी समजल्याखेरीज रूपकाचे बळ कळत नाही. इ. स. ६२८ मध्ये महंमद पैगंबर अनुयायांसह मक्केच्या यात्रेस निघाले. हुदैबिया येथे त्यांना मक्केच्या कुरैशांनी अडविले. वाटाघाटी होऊन दहा वर्षांचा तह ठरला, पण त्याच्या अटी मानहानिकारक वाटाव्यात अशा होत्या. त्या वर्षी यात्रा न करताच परत फिरावयाचे होते. तहनाम्यातील ‘ईश्वराचा प्रेषित’ ही पदवी प्रतिपक्षाला मान्य नव्हती. पैगंबरांनी ती खोडावयास संमती दिली. अनुयायी संतापले. या प्रसंगाविषयी कुराण म्हणते की विरोधकांच्या मनात ‘हमिय्या’ होती आणि ईश्वराने पैगंबरावर व श्रद्धावंतांवर सकीना उतरविली (४८:२६). ‘हमिय्या’ म्हणजे आडदांड अभिमान. त्याच्या धातूत तापण्याचा अर्थ आहे. आपण नाही का म्हणत, ‘रक्त तापले’, ‘डोके फिरले’? एकीकडे तापणे, दुसरीकडे ठाव धरणे. आणि ज्या प्रसंगी एकही वार झाला नाही, उलट माघार घेतली गेली, त्या तहाला त्याच अध्यायाच्या आरंभी उघड विजय म्हटले आहे. भाष्यकार बहुतेक याच तहाकडे बोट दाखवितात.

आता गावाकडे वळू. सोळाव्या अध्यायातील दृष्टान्त (१६:११२) कोल्हापूरच्या वाचकाला परका वाटू नये. एक गाव आहे. ते सुरक्षित आहे, निवांत आहे. चहूकडून तेथे धान्यसामग्री भरभरून येते. पुढे गाव कृतघ्न होते, तेव्हा ईश्वर त्याला भूक आणि भय यांचे वस्त्र चाखावयास लावतो. शांततेचे लक्षण म्हणून येथे काय सांगितले आहे? बाजार भरतो, गाड्या येतात. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसविली. तेव्हापासून हंगामात परगावचे गूळ घेऊन येणारे शेतकरी, अडते, हमाल, व्यापारी यांची तेथे जी झुंबड उडते, तिच्याकडे आपण ‘शांतता’ म्हणून कधी पाहत नाही. गलकाच तो! परंतु या दृष्टान्ताच्या हिशेबाने तीच शांतता आहे. ‘निवांत’ या अर्थाने तेथे वापरलेला शब्द अरबीत सखल, पाणी ठरेल अशा जमिनीलाही लावतात, हे लक्षात घेतले म्हणजे चित्र पुरे होते. वस्त्र चाखणे ही तर भाषेची कसरतच. वस्त्र कसे चाखावयाचे? बाराव्या शतकातील भाष्यकार जमख्शरी (मृत्यू ११४४) याने त्यावर विचार करून सांगितले की, संकट सोसण्याला ‘चाखणे’ म्हणणे रूढच झाले आहे, आणि भूक व भय माणसाला सर्व बाजूंनी वेढतात म्हणून ते वस्त्र. काव्यशास्त्राच्या तासाला चर्चिण्याजोगे हे उदाहरण आहे.

भय अंगावर वस्त्रासारखे कसे बसते ते या शहराने अलीकडेच अनुभवले. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुराच्या निमित्ताने कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरील गजापूर येथे घरांची व मशिदीची मोडतोड झाली. दोन्ही वेळा काही दिवसांत ‘शांतता प्रस्थापित’ झाली. ‘शम्’ धातूच्या अर्थाने ते खरेच होते. दगड थांबले होते, आवाज थांबला होता. पण ज्याचे दार मोडले आहे त्याच्या घराला ‘सलामत’ म्हणता येईल काय? भाषेतील फरक हा केवळ भाषेतला राहत नाही, तो असा.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे येईल. कुराणात युद्धाची वचने नाहीत काय? आहेत, आणि ती दडवून शांततेवर लेख लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवव्या अध्यायाचे पाचवे वचन कठोर आहे. त्याचा अर्थ कोणत्या करारभंगाच्या संदर्भात लावावयाचा यावर शतकानुशतके वाद झाला आहे. परंतु त्याला लागूनच येणारे सहावे वचन क्वचितच कोणी सांगतो. विरोधकांपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्यावा, आणि नंतर त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोचवून द्यावे. नुसते सोडून द्यावे असे नव्हे, पोचवून द्यावे. त्या ठिकाणासाठी ‘मअमन’ हा शब्द आहे, अ-म-न या धातूचा. ‘इमान’ त्याच धातूचे. ‘अमानत’ही त्याच धातूचा, आणि अक्षरांची उलटापालट होऊन मराठीत तो ‘अनामत’ झाला. ग्रंथालयात आपण जी अनामत भरतो ती परत मिळेल या भरवशावर भरतो. शत्रूचा जीव ही अशी अनामत मानलेली आहे.

युद्धाच्या वचनांतच दोन अप्रतिम रूपके दडलेली आहेत. एका ठिकाणी युद्ध ‘आपली ओझी खाली ठेवीपर्यंत’ असा प्रयोग येतो (४७:४). युद्ध म्हणजे पाठीवर गोण्या लादलेले, धापा टाकणारे जनावर. मुक्कामाला आले की त्याच्या पाठीवरचे उतरवावयाचे. दुसरे आठव्या अध्यायात (८:६१). आधीच्या वचनात घोडे आणि सामर्थ्य सज्ज ठेवावयास सांगितले आहे, आणि लगेच पुढे : ते शांततेकडे झुकले तर तूही झुक. ‘झुकणे’ यासाठी जो धातू योजला आहे, त्याच धातूचा ‘जनाह’ म्हणजे पंख. पक्षी वळताना एका अंगावर कलतो, तसे हे कलणे. याच पंखाचा उपयोग अन्यत्र फार हळुवारपणे केला आहे. म्हाताऱ्या आईबापांपुढे दयेने नम्रतेचा पंख खाली करावा (१७:२४). अनुयायांसाठी पैगंबराने आपला पंख खाली करावा (१५:८८). पिलांवर पंख पसरणारी कोंबडी ज्याने पाहिली आहे त्याला टीकेची गरज नाही. तह आणि वात्सल्य यांना एकच अवयव दिला, ही या भाषेची करामत.

सांधण्याचे चित्र स-ल-ह या वेगळ्या धातूतून येते. उच्चारात तो स-ल-म च्या जवळचा वाटला तरी अरबीत त्याचा ‘स’ निराळा आहे. याचा अर्थ नीट करणे, दुरुस्त करणे. आपले ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द या धातूचे. म्हणजे ‘सल्लामसलत’ करताना आपण, नकळत, डागडुजीच करीत असतो. श्रद्धावंतांचे दोन गट आपसांत लढू लागले तर त्यांच्यात ‘इस्लाह’ करा असे एकोणपन्नासाव्या अध्यायात सांगितले आहे (४९:९-१०). त्यात एक गट अत्याचारावर उतरला तर त्याला आवरावे, आणि तो वळला म्हणजे न्यायाने सांधावे. न्यायाची अट मुद्दाम घातली आहे, कारण भांडे कसेतरी चिकटविले तर पाणी धरीत नाही. तिसऱ्या अध्यायातील दोरीचे रूपक प्रसिद्धच आहे (३:१०३) : सर्वांनी मिळून ईश्वराची दोरी घट्ट धरावी, तुम्ही वैरी होता, त्याने तुमची अंतःकरणे जोडली, तुम्ही आगीच्या खड्ड्याच्या काठावर होता.

आगीवरून इब्राहीमची कथा आठवते. त्याला आगीत टाकले जाते, तेव्हा ईश्वर आगीला आज्ञा करतो की तू इब्राहीमसाठी शीतलता आणि सलाम हो (२१:६९). आपल्याकडे प्रह्लादाची कथा आहेच. पण शब्दयोजना बारकाईने पाहावी. आगीला विझावयास सांगितलेले नाही. ‘शम्’ धातूची शांती येथे लागू पडत नाही; आग आहे तेथे आहे, आणि तिच्यातील माणूस धड आहे.

तेव्हा मराठी भाषांतरकाराने काय करावे? हा प्रश्न करवीर नगरीला अगदीच नवा नाही. १९०६ साली येथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेणाऱ्या शाहू महाराजांनी कुराण मराठीत यावे म्हणून खर्च केला होता. पुढे विनोबांनी अरबी शिकून ‘कुराण-सार’ सिद्ध केले; साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली. शब्द एकच हवा हा हट्ट सोडला तर मराठीत साधने भरपूर आहेत असे मला वाटते. जलप्रलयानंतर नूहला नौकेतून सलामसह उतरावयास सांगितले जाते (११:४८). तेथे आपल्या बोलीतील ‘सुखरूप’ या शब्दाइतका नेमका शब्द दुसरा नाही. प्रवासाहून पोचल्यावर आपण घरी हेच कळवितो. दुष्ट बोलणाऱ्याला सलाम म्हणून पुढे चालणाऱ्या नम्र भक्तांच्या वर्णनात (२५:६३) ‘रामराम’ हा शब्द शोभेल. ‘त्याला मी दुरूनच रामराम ठोकला’ असे आपण म्हणतोच. दासाच्या दृष्टान्तात ‘निखळ’ चालेल. आणि ‘क्षेम’ हा एक जुना, थोडा अडगळीत पडलेला शब्द आहे. पूर्वीच्या पत्रांतून तो पहिल्या ओळीत येत असे. ‘क्षि’ म्हणजे वस्ती करणे, त्यापासून क्षेम : जेथे निर्धास्त राहता येते ती स्थिती. अरबीतील ‘सकन’ आणि संस्कृतातील ‘क्षेम’ यांची ही गाठ कोणी मुद्दाम घातलेली नाही, म्हणून ती अधिक मोलाची.

सत्त्याण्णवाव्या अध्यायात, अवघ्या पाच वचनांत, रमजानमधील त्या एका रात्रीचे वर्णन आहे जी हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानली जाते. देवदूत उतरतात, आणि ती रात्र पहाट फुटेपर्यंत ‘सलाम’ असते (९७:५). रात्रीत सलाम असतो असे म्हटलेले नाही. रात्र हीच सलाम आहे. येथे ‘शांत रात्र’ असे भाषांतर केले की रातकिड्यांचा आवाज थांबल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात त्या रात्री मशिदी उजळलेल्या असतात, पठण चालू असते, मुले जागी असतात, सहरीच्या स्वयंपाकाची भांडी वाजत असतात. ‘ती रात्र पहाटेपर्यंत क्षेमाची’ असे म्हणून पाहावे.